वाढीव ठिपके

२ मार्च

प्रिय बारक्या,

फोनवर तू "हो आत्या, बघतो आत्या" म्हणून सुटतोस, म्हणून आज कागद घेतला. कागदावर "हो" म्हटलं की खाली सही करावी लागते.

सहीवरूनच सुरू करते. काल आमच्या संस्थेच्या चिटणिसांनी तुमच्या कंपनीचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तपासलेल्या सर्व टेपांवरील मजकूर जीर्ण झाला असून परत मिळण्याजोगा नाही. जुनी यंत्रणा मोडीत काढावी." खाली सही तुझी. मी चष्मा पुसून दोनदा पाहिली. शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची खोड मीच तुला लावलेली, दुसऱ्या कुणाची म्हणू?

तुला आमच्या छापखान्याची गोष्ट नव्यानं सांगायला नको, पण रिपोर्ट वाचून वाटलं की तू विसरलास, म्हणून सांगते. इथे ब्रेलची पुस्तकं निघतात. जाड कागदावर ठिपके उठतात आणि न दिसणारी मुलं बोटांनी वाचतात. पहिलीपासून दहावीपर्यंतचं सगळं, शिवाय गोष्टींची, गणिताची, शिवणकामाची पुस्तकं, ही सगळी त्या दोनशे बारा टेपांवर आहेत. दुसरीकडे कुठेही नाहीत. एकेक पुस्तक टाइप करायला आणि तपासायला माणसांची वर्षं गेली आहेत. टेप ड्राइव्ह, डिस्क, छापयंत्र, सगळी एका केबलवर ओळीनं जोडलेली, आणि त्या केबलच्या एका टोकाला कॉम्प्युटर. ही ओळ माझ्या नोकरीच्या सव्वीस वर्षांपैकी शेवटची अकरा मी सांभाळली. कुणी शिकवलं नाही. उघडलं, बघितलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

गेले सात महिने पानांत चुका येताहेत, हे खरं. भलत्या जागी ठिपके उठतात. आमची वाचकबाई प्रत्येक पहिली प्रत बोटांनी वाचते, ती पकडते आणि दुरुस्त करते. पण चुका वाढत गेल्या, म्हणून ऑफिसनं तुम्हाला बोलावलं. आणि तुम्ही येऊन टेपांना मेलेलं ठरवलंत.

सव्वीस तारखेला समितीची बैठक आहे. रिपोर्ट मंजूर झाला की एकतीसला खोली रिकामी, टेपा भंगारात. मी खोली रिकामी करणार नाही, हे चिटणिसांना सांगितलं आहे आणि तुलाही सांगते.

मला एवढंच कळव. टेपा मेल्यात हे तुला खरंच दिसलं का?

आत्या


७ मार्च

आत्या,

नमस्कार. तू रागावणार हे माहीत होतं, पण पत्र इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

मी त्या दिवशी नऊ टेपा लावल्या. नऊच्या नऊ चुकीच्या वाचल्या गेल्या. एकच टेप दोनदा लावली तर दोन्ही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी चुका. इतक्या जुन्या टेपांचं असंच होतं. वरचा लेप सुटत जातो. मी मुद्दाम तुझ्या खोलीवर घाला घातलेला नाही. उलट मला वाटलं, तुझी सुटका होईल. गुडघे धरून त्या टेबलाखाली किती वर्षं शिरणार आहेस?

एक गोष्ट मात्र रिपोर्टमध्ये लिहिली नाही, कारण तिनं निकालात फरक पडेल असं वाटलं नाही. तुझ्या ओळीच्या शेवटी जे टर्मिनेटर आहे ते बहुधा पॅसिव्ह असावं. तुला टर्मिनेटर काय ते मी सांगायला नको, तरी पत्र चिटणिसांच्या हातात पडलं तर त्यांनाही कळावं म्हणून लिहितो. केबलच्या टोकाला काहीच नसेल तर सिग्नल भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा मागे येतो आणि पुढच्या सिग्नलला धडकतो. टर्मिनेटर तो चेंडू झेलून ठेवतो. शिवाय मोकळ्या तारेला वर, तीन व्होल्टच्या आसपास, धरून ठेवण्याचं कामही त्याचंच.

पॅसिव्ह म्हणजे नुसते रेझिस्टर, विजेला अडवणारे साधे तुकडे. केबलमधून येणाऱ्या पाच व्होल्टची वाटणी करून ते तारेला तीन देतात. पण पाच खरोखर पाच असतील तर. पुरवठा खचला की तारही त्याच्याबरोबर खचते. अ‍ॅक्टिव्हमध्ये रेग्युलेटर असतो. वरून पाच येवोत की सव्वाचार, तो आपल्या ठरलेल्या आकड्यावरून हलत नाही.

एक अ‍ॅक्टिव्ह पार्सलनं पाठवतो आहे. लावून बघ. टेपा जिवंत होतील असं मी म्हणत नाही. तुझं मन शांत होईल एवढंच.

बारक्या


११ मार्च

बारक्या,

माझं मन शांत करायला पार्सल पाठवू नकोस. ते शांत नाही आणि व्हायचंही नाही.

पार्सल पोचलं. उघडलेलं नाही, कपाटावर ठेवलं आहे. टोकाला काय आहे ते मला माहीत आहे. चांगलं, भक्कम, हातानं नीट घडवलेलं आहे. तुमच्या कारखान्यातून निघतं तसं चिमुकलं डबडं नाही. पॅसिव्ह म्हणे! अरे, त्यानं कधी कुरकुर केली नाही. कुठला रेग्युलेटर बिघडेल, कुठली चिप जळेल ही भानगडच नाही. साधी वस्तू साध्या माणसाला कळते, म्हणून ती टिकते. टेपा जुन्या, यंत्र जुनं, बाई जुनी, आणि तुम्ही सगळे नवे. असं एकदा ठरवलं की तपासायला काय उरतं?

परवा काय झालं ते ऐक. चिटणीस कुलूपवाल्याला घेऊन आले. म्हणाले, "बाई, नुसतं माप घ्यायचं आहे."

मी म्हटलं, "कुलपाचं माप बाहेरून घेता येतं."

"बैठकीपर्यंत खोली बंद ठेवावी, असं अध्यक्षांचं म्हणणं आहे."

"अध्यक्षांना इथे येऊन म्हणू दे."

मग मी खुर्ची ओढून उंबरठ्यावर बसले. तेवढ्यात वाचकबाई काठी टेकत आली, आवाजावरून काय चाललंय ते तिला कळलं, आणि तिनंही आपलं स्टूल आणून माझ्या शेजारी ठेवलं. कुलूपवाला बिचारा म्हणाला, "साहेब, मला दुसरीकडे जायचंय." चिटणीस मला म्हणाले, "तुम्ही हट्टी आहात." वाचकबाई म्हणाली, "हट्टी त्या आहेत. मी नुसती इथे बसले आहे." तास-दीड तास बसलो. ते गेले.

तर खोली अजून माझी आहे. मजकूर टेपांवर आहे, हे मी आजही छातीठोक सांगते. वाचकबाई म्हणते, ज्या पानावर सकाळी तेरा चुका होत्या तेच पान दुपारी पुन्हा काढलं तर आठ निघतात आणि त्या आठ भलत्याच ठिकाणी. जीर्ण झालेली वस्तू सकाळ-दुपार बघून जीर्ण होते काय? तूच लिहिलंस की दोन्ही वेळा चुका वेगवेगळ्या. लिहिलंस आणि पुढे निघून गेलास. तुझ्या जागी मी असते तर तिथेच थांबले असते.

आत्या


१५ मार्च

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेवटचं वाक्य जास्त वेळा.

खरं सांगतो. मी तुझ्याकडे चाळीस मिनिटं होतो. खाली गाडीत साहेब थांबले होते, त्यांना पुढच्या गावी पोचायचं होतं. तू त्या दिवशी रजेवर होतीस. मी टेपा लावल्या, चुका मोजल्या आणि सही केली. केबल पार्टिशनच्या मागे कुठे जाते ते मी पाहिलंच नाही. झाकण उघडलं नाही. मीटर बॅगेतून काढलासुद्धा नाही. ही गोष्ट पहिल्याच पत्रात लिहायला हवी होती.

आता एकच प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तर तू देऊ नकोस, वाचकबाईंना विचारून दे. चुकीच्या ठिकाणी ठिपके वाढतात की कमी होतात?

कारण असं. आपल्या या केबलवर तार खाली ओढली की एक आणि सोडून दिली की शून्य. सोडलेल्या तारेला वर न्यायचं काम टर्मिनेटरचं. ते दमलं की तार पुरती वर पोचत नाही आणि शून्याचा एक होऊन बसतो. तुमच्या फायलींत एक म्हणजे ठिपका, शून्य म्हणजे सपाट कागद. टेप जीर्ण असेल तर ठिपके कसेही बिघडतील, काही वाढतील, काही गळतील. पण नुसतेच वाढत असतील तर टेप बरोबर आहे आणि मजकूर वाटेत बिघडतो आहे.

आणि दुसरं. "हातानं घडवलेलं" म्हणालीस. कुणाच्या हातानं?

बारक्या


१९ मार्च

प्रिय बारक्या,

माझ्या.

आता सगळं सांगते. मध्ये बोलू नकोस.

तुझा प्रश्न घेऊन मी वाचकबाईकडे गेले. ती हसायलाच लागली. म्हणाली, "सात महिन्यांत हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. अहो, वाढतातच. गळलेला एकही नाही. गळला असता तर मी काय करणार होते? नखानं कागदाला ठिपका थोडाच उठवता येतो! वाढलेला असतो म्हणून तर नखानं दाबून सपाट करते." आणि तिनं मला आपला उजवा अंगठा दाखवला. नखाची कड झिजून सरळ झालेली. सात महिने ही बाई माझ्या शेजारच्या खोलीत बसून एकेक ठिपका दाबत होती आणि मी तिला "फार झाल्या का हो आज?" एवढंच विचारत होते. तिनं नोंदही ठेवली आहे, पान, ओळ, अक्षराच्या सहापैकी कितवा ठिपका. सहाही ठिपक्यांची हजेरी आहे. म्हणजे एखादीच तार अशक्त, असंही नाही. सगळ्याच.

मी मीटर घेतला आणि पार्टिशनच्या मागे गेले.

हे पार्टिशन सात महिन्यांपूर्वीचं. टेप ड्राइव्हची घरघर वाचकबाईच्या कामात येते म्हणून मीच तो पलीकडे हलवला. केबल लांब करावी लागली. जुनं टर्मिनेटर या केबलच्या जोडणीत बसेना, म्हणून मी स्वतः केलं. अठरा तारा, प्रत्येकीला दोन, असे छत्तीस रेझिस्टर. तीन दिवस बसून, भिंग लावून, एकेक जोड तपासून. इतकं देखणं झालं होतं रे! चिटणिसांनासुद्धा दाखवलं होतं. त्यांना काही कळलं नाही, पण "छान आहे" म्हणाले.

टोकाला पुरवठा पाचऐवजी चार पॉइंट एक भरला. बाकीचे व्होल्ट लांब केबलमध्येच संपले. तारेवर तीन हवेत, तिथे अडीचही नाहीत. आणि माझे छत्तीस शहाणे, तारेवर काही काम असो वा नसो, दिवसभर वीज पीत बसलेले, त्यामुळे पुरवठा आणखी खाली. जोड सगळे पक्के. एकही चूक नाही. घडवलेली वस्तू निर्दोष, आणि जागा तिची नव्हे. कॉम्प्युटरमधलं आमचं कार्ड, ज्यात ही केबल शिरते, इतकं जुनं की वाटेत बिघडलं तरी ओरडत नाही. मग चुका सुरू झाल्या तेव्हा मी टेपा पुसल्या, ड्राइव्हचं डोकं साफ केलं, छापयंत्राच्या सुया बदलल्या. सगळीकडे हात लावला, फक्त त्या एका वस्तूला नाही. ती मी केली होती ना. तुला पहिल्या पत्रात सांगितलं नाही ते याचसाठी. मनात कुठेतरी माहीत असल्याशिवाय माणूस इतकं लपवत नाही.

कपाटावरून तुझं पार्सल काढलं. उघडलं. चिमुकलं डबडंच आहे. लावलं. तारेवर दोन पॉइंट पंच्याऐंशी. मी केबल हलवली, छापयंत्र सुरू केलं, डिस्क फिरवली. दोन पॉइंट पंच्याऐंशी. जागचं हलेना. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला ते आवडलं, काय करू!

मग आठवीच्या विज्ञानाची टेप लावली, तुझ्या नऊ मेलेल्यांतली एक. एक्केचाळिसावं पान काढून वाचकबाईला दिलं. तिनं वाचलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मग म्हणाली, "बाई, मला इथे काही कामच नाही."

त्यानंतर नऊच्या नऊ काढल्या. एकही वाढीव ठिपका नाही.

टेपा जिवंत आहेत. आता सव्वीस तारीख येऊ दे.

आत्या


२२ मार्च

आत्या,

मी ऑफिसातच ओरडलो. शेजारच्यांना वाटलं, घरी काही बरंवाईट झालं.

सोबत माझ्या पत्राची नक्कल जोडली आहे, मूळ समितीच्या नावे गेलं. त्यात लिहिलं आहे की तपासणी अपुरी होती, टेपांविषयीचा निष्कर्ष चुकीचा होता आणि मी सही मागे घेतो. साहेबांना आधी दाखवलं. म्हणाले, "कंपनीचा रिपोर्ट माणसाच्या मर्जीवर मागे घेता येत नाही." मी म्हटलं, रिपोर्ट घेता येत नसेल, सही माझी आहे. ते म्हणाले, विचार करून ठरव, इथे बढतीची यादी पुढच्या महिन्यात लागते. मी विचार केला. जेवणाच्या सुट्टीत पोस्टात पोचेपर्यंत केला, आणि पाकीट टाकलं.

पण माझं एक ऐक. बैठकीत टर्मिनेटर कुणी केलं ते सांगू नकोस. "जुना भाग निकामी झाला होता, बदलला," एवढं पुरे आहे. खोटंही नाही. अध्यक्षांना तुला काढायला कारणच हवं आहे, ते तू आपल्या हातानं त्यांना देऊ नकोस. चूक शोधायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. ती माझ्या नावावर राहू दे. मी तरुण आहे, मला दुसरीकडे नोकरी मिळेल. तुला या वयात त्या खोलीबाहेर करमणार नाही, हे तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे.

एवढं ऐकशील?

बारक्या


२८ मार्च

प्रिय बारक्या,

नाही ऐकलं.

तुझं पत्र चिटणिसांनी वाचून दाखवलं. आवाज खाली, मान खाली. अध्यक्ष म्हणाले, "कंपनीचा माणूस चुकला, ठीक आहे. पण मग सात महिने बिघाड कशाचा होता?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुझं वाक्य अगदी ओठांवर होतं. निकामी झाला होता, बदलला. पण तो निकामी झालेला नव्हता, बारक्या. त्याला उगीच बदनाम कशाला करू? आणि तू तिकडे आपलं नाव पुसून टाकायला निघालास, मग इथे मी आत्या कसली?

मी म्हटलं, "टोकाचा भाग मी स्वतः केला होता. त्या लांबीला तो पुरा पडणारा नव्हता, हे मला कळलं नाही. आणि नंतर कळून घ्यायचंही नव्हतं. बिघाड माझा. टेपांचा नाही."

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे तुमच्यामुळे सात महिने वाया गेले, वर तुम्ही कुलूपवाल्याला परत पाठवलंत! तुम्हाला ठेवायचं कशासाठी?"

"काढा ना," मी म्हटलं. "पण पुस्तकं काढू नका. माझी चूक मोठी आहे म्हणून दहावीच्या पोरींनी गणित काय वाचायचं नाही? मी नालायक ठरले तरी टेपा लायकच आहेत. हवं तर दोन वेगळे ठराव करा, मी दोन्हींवर सही करते."

तेवढ्यात वाचकबाई उठली. तिनं टेबलावर दोन कागद ठेवले, तेच एक पान, डावीकडे गेल्या महिन्याचं, न दाबलेलं, आणि उजवीकडे आताचं. अध्यक्षांना म्हणाली, "ओळीअखेरच्या कोऱ्या जागेवर बोटं ठेवा." ते म्हणाले, मला ब्रेल येत नाही. ती म्हणाली, "वाचायला नाही सांगत. कुठे खडबडीत लागतं तेवढं सांगा." बारा माणसांसमोर अध्यक्षांना बोटं फिरवावी लागली. डावीकडच्या पानावर ती दोन-तीनदा अडखळली, उजवीकडच्यावर नीट गेली. त्यांनी हात मागे घेतला, रुमालाला पुसला, आणि चिटणिसांना म्हणाले, "लिहा."

ठराव असा. टेपा भंगारात जाणार नाहीत. सगळ्या नव्या डिस्कवर उतरवायच्या. उतरवून होईपर्यंत बाई कामावर राहतील, त्यानंतर त्यांची सेवा संपेल. दोनशे बाराही टेपा नीट उतरल्याचा दाखला बाईंच्या सहीचा.

चिटणीस जिन्यात मला गाठून म्हणाले, "बाई, दाखला तुमच्या हातात आहे. काही घाई नाही, समजलं ना?" माणूस वाईट नाही. वाचकबाईनंही तेच सुचवलं. आठवड्याला एक टेप उतरवली तर चार वर्षं सहज निघतील, म्हणे, आणि तोवर अध्यक्ष बदलेल.

मी दोघांना नाही म्हटलं. रेंगाळत काम करून इथे राहिले तर अध्यक्ष माझ्याविषयी जे म्हणाले ते खरं होईल. मला जायचंच असेल तर सगळी पुस्तकं जाग्यावर लावून, दिवे चालू ठेवून, त्यांच्या नाकावर टिच्चून जाईन. अर्धवट सोडून जायला लावण्याची संधी मी त्यांना देणार नाही. तुझ्या साहेबांनी यादीतून तुझं नाव काढलं तर तूही असाच नीघ. हातातलं काम पुरं करून, टेबल पुसून. मग सरळ इकडे ये. दोघं मिळून दुकान काढू, बाहेर पाटी लावू, "इथे चुका कबूल केल्या जातात." गर्दी होईल बघ. एवढी सोय कुठेच नाही.

रोज सहा उतरवायच्या असं ठरवलं होतं. आज नऊ उतरवल्या.

आत्या